जाड तेल की पातळ? रामाकोना ते पांढुर्णा

रामाकोन्याहून निघालो तेव्हा संत्र्याच्या बागांवर धुकं होतं आणि काकांच्या गाडीचं इंजिन टकटक करत होतं. थोड्या वेळाने आवाज आपोआप थांबला. थंडी पडल्यापासून हे रोजचंच आहे, काका म्हणाले. गाडी पांढुर्ण्याला माधुरीकडे पोचवायची होती. माधुरी म्हणजे त्यांची मुलगी. ती तिथून तिगावच्या शाळेत शिकवायला जाते आणि आता रोज एकटीच गाडीने जाणार होती. काकांना हल्ली नीट दिसत नाही, म्हणून सुट्टीत पुण्याहून आलेला मी चालवत होतो.

काकांच्या मते वाटेत सौंसरला थांबून आणखी जाड तेल टाकलं की काम झालं. "जाड तेल इंजिनाले सांभाळते, बाबू," ते म्हणाले. ते कायम २०डब्ल्यू-५० हे जाड तेल टाकत आले होते. गाडीच्या पुस्तिकेत मात्र ५डब्ल्यू-३० हे पातळ तेल लिहिलं होतं.

दोन्ही बाजूंना कापसाची वावरं (शेतं) पांढरी झाली होती. सौंसरच्या ऑइलच्या दुकानात एक बाई बसल्या होत्या. गाडी धूर सोडते का, तेल पिते का, असं त्यांनी विचारलं. दोन्ही नाही. मग पुस्तिकेतलंच घ्या, त्या म्हणाल्या. पहिला आकडा थंडीतला, जितका लहान तितकं तेल गारठ्यात लवकर धावतं. दुसरा तापलेल्या इंजिनातला, जितका मोठा तितकं तेल तापल्यावरही जाड राहतं.

काकांना पटेना. मी विचारलं, हा फरक डोळ्यांनी दिसतो का?

"मीबी ऐकूनच आहो, पाह्यलं नाही कधी," बाई म्हणाल्या, आणि दोन बाटल्यांत दोन्ही तेलं थोडीथोडी ओतून त्यांनी त्या थंड पेयांच्या फ्रिजमध्ये ठेवल्या.

तोवर आम्ही शेजारी सांबारवडी खाल्ली (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर). काकांचं खाण्यात लक्ष नव्हतं.

परत आल्यावर बाईंनी दोन्ही बाटल्या आडव्या केल्या. पातळ तेल सरळ तोंडाशी आलं. काकांचं तेल काकवीसारखं रेंगाळलं. काकांनी बाटली डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा कलती केली.

"म्हणजे तेल वर चढेपर्यंत इंजिन कोरडंच फिरून राहते," ते हळूच म्हणाले. "अन् पोरगी रोज सकाळीच निघते."

शेजारच्या गॅरेजात जुनं तेल काढून नवं भरलं. दुपारी पांढुर्ण्याला पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. माधुरीने किल्ली फिरवली. काका बॉनेटला कान लावून उभे. जरासं टकटकलं आणि इंजिन शांत झालं. तिला आवाज ऐकू येतो का, असं त्यांनी दोनदा विचारलं. नाही, ती म्हणाली, आणि तिगावच्या रस्त्याला लागली. गाडी दिसेनाशी झाली तरी काका फाटकातच होते.

"उन्हाळ्यात पुन्हा पाहू," एवढंच ते मला म्हणाले.

पांढुर्ण्याहून रेल्वेने परतताना वाटलं, माणसाला जाड तेलाचा भरवसा वाटतो, कारण ते बोटांना जाणवतं. पुण्यात पोचल्यावर काकांचा फोन आला. तुझ्या गाडीत कोणतं तेल आहे, त्यांनी विचारलं. फोन तसाच चालू ठेवून मी गाडीतली पुस्तिका पाहायला जिना उतरलो.