झुडपामागे धरलेला आरसा

केस कापायच्या दुकानात कुणी आलं की काका म्हणायचे, "बसा, दोन मिनिटं." म्हणून गल्लीत त्यांचं नावच 'दोन मिनिटं' पडलं. दोन मिनिटांची वीस व्हायची ते सोडा, पण एक केस वाकडा ठेवून त्यांनी कुणाला खुर्चीवरून उठू दिलं असेल तर शपथ. दुकान बंद करून घरी बसले तरी हात शिवशिवायचे. दर पहिल्या रविवारी ते काकूंना स्टुलावर बसवून त्यांचे केस कानापर्यंत बरोबर करून द्यायचे. पस्तीस वर्षं हा नेम चुकला नव्हता.

तीन वर्षांपूर्वी काकूंनी नर्सरीतून एक झुडूप आणलं. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर चित्र होतं: काळीभोर पानं आणि वर गुलाबी फुलांचे झुबके. चित्रावर भाळून त्यांनी ते दाराशेजारच्या भिंतीलगत लावलं. पानं चित्रातल्यासारखीच निघाली, पण फूल म्हणाल तर औषधालाही नाही.

"यंदा नाही फुललं तर माझ्या ताईकडे देऊन टाकते," काकू म्हणाल्या. "नुसती काळी पानं किती दिवस बघू?"

काकांचा जीव तर त्या पानांवरच जडला होता. उन्हातली पानं जांभळाच्या सालीसारखी आणि भिंतीकडची हिरवट, हे कसं काय, म्हणून त्यांनी मागची एक फांदी सुतळीने पुढे ओढून बांधली. महिन्याभरात तिला नवी पानं आली, ती काळी. "ऊन लागलं की काळवंडतात," ते काकूंना सांगायला धावले. "आपल्यासारखीच."

"रंग कळला. फुलांचं काय ते बघा."

मग काकांनी माती बदलली, पाणी कमी केलं, खत घातलं. शेवटी नर्सरीवाल्या बाईंचं डोकं खाल्लं.

"छाटता का?" बाईंनी विचारलं.

"छे हो. हातही लावत नाही," काका म्हणाले, आणि ते मनापासून बोलत होते. दर पंधरा दिवसांनी ते झुडूप जरा नीट करायचे, इतकंच. त्याला छाटणी कोण म्हणतं?

एका सकाळी असंच नीट करून झालं. गिऱ्हाइकाला मानेमागचं दाखवायचा छोटा आरसा काकांनी सवयीने झुडपामागे धरला आणि ते बघतच राहिले. पावसाच्या पाण्याच्या पाइपामागे, जिथे कात्री कधी पोचली नव्हती, तिथे एक वेडीवाकडी फांदी उभी होती. तिच्यावर गुलाबी फुलांचे चार झुबके होते.

आरसा तसाच हातात घेऊन ते नर्सरीत गेले.

"ह्याला फुलं गेल्या वर्षीच्या फांदीवर येतात," बाई म्हणाल्या. "फुलून गेलं की एकदा कापा, मग वर्षभर हात लावू नका. तुम्ही कापत राहिलात तर ते फुलणार कधी?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. काका खजील होऊन घरी आले. कात्री काकूंच्या हातात देऊन म्हणाले, "ही लपवून ठेव. आणि मला एक वर्ष दे."

ते वर्ष काकांनी कसं काढलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. झुडूप झिंज्या सोडून वाढलं. काका मान फिरवून आत-बाहेर करायचे. आणि पुढच्या वर्षी ते असं फुललं, की काकू चहाचा कप घेऊन दारातच बसून राहायच्या. ताईकडे द्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पहिला रविवार आला. काकांनी स्टूल मांडलं, टॉवेल झटकला आणि नेहमीसारखी त्या दिवसापुरती काकूंकडे कात्री मागितली.

"राहू द्या या वेळी," काकू म्हणाल्या.

"का गं? वाढलेत की."

"वाढू देत. लग्न झालं तेव्हा कंबरेपर्यंत होते माझे." त्या झुडपाकडेच बघत होत्या. "पुढे कधी तुम्ही विचारलंच नाही."

काकांना फार वाईट वाटलं. टॉवेलची घडी घालून ते त्याच स्टुलावर बसले आणि काकूंच्या केसांकडे बघत म्हणाले, "किती दिवस लागतील गं?"

"बसा," काकू म्हणाल्या, "दोन मिनिटं."