कोरडी घोंगडी

उपासनेत सगळ्यांचं "आमेन" म्हणून झालं, की मी अजूनही क्षणभर थांबते. त्याचं आमेन नेहमी मागून यायचं. सगळे म्हणून मोकळे झाले, की पुरुषांच्या बाजूनं एक जाड, सावकाश "आमेन". बायका पदरात तोंड लपवून हसायच्या. मला हसू यायचं नाही, मी त्याची वाट बघत असायची.

तो नगरकडचा. पिंपरीत तेव्हा औषधांचा कारखाना नवा उभा राहत होता, तिथं फिटर म्हणून आलेला. मी चिंचवडला शाळेत शिकवत होते आणि मावशीजवळ राहत होते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ती बायबलबाई. पिशवीत शास्त्र, म्हणजे बायबल, घालून चिखली, रावेत असं पायी फिरायची आणि गावातल्या बायकांना येशूच्या गोष्टी सांगायची. तिनं लग्न केलं नव्हतं. "जिला नवरा न्हाई तिला देवाची काळजी, जिला नवरा हाय तिला त्याच्या भाकरीची," हे ती इतक्यांदा म्हणे, की ही मला सांगतेय का स्वतःला, असं वाटायचं.

त्यानं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडून मागणी घातली. त्यांनी मला बोलावून विचारलं. ते म्हणाले, "बाई, लग्न करणं पाप नाही आणि न करणं काही पुण्य नाही. दोन्ही देवाची देणगीच. तुझी कुठली, ते प्रार्थना करून ठरव." मग जरा हळू म्हणाले, "मावशीला विचारून नको."

प्रार्थना करायची ती केली. पण देव काही दारात येऊन हो-नाही सांगत नाही, आणि मला तर पक्कं उत्तर हवं होतं. शास्त्रात एकानं खळ्यावर रात्रभर लोकर पसरून देवाची इच्छा पडताळून पाहिली होती. कौल लावल्यासारखंच की ते! आमच्याकडं चिखलीच्या एका धनगरणीनं मावशीला दिलेली काळी घोंगडी होती. ती मी परसातल्या गवतावर पसरली. सकाळी ओली निघाली तर होकार, कोरडी निघाली तर नकार.

खरं सांगू? ही शुद्ध लबाडी होती. पौषातली थंडी, पवनेचा काठ. वाळत घातलेली लुगडी सकाळी पिळून काढावीत असं दव पडायचं. घोंगडी भिजणार, हे शेंबड्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं. उतावळा नवरा म्हणतात, इथं नवरीनंच गुडघ्याला बाशिंग बांधलं होतं.

निजताना गुडघे टेकून मी हे सगळं देवाला मोठ्यानं सांगितलं. आम्ही प्रार्थना मोठ्यानंच करतो. मावशी शेजारच्याच अंथरुणावर होती, भिंतीकडं तोंड करून.

मी उठले तेव्हा तिनं रोजच्यासारखी चूल पेटवली होती. मी अनवाणीच परसात धावले. गवत ओलं, दगड ओले, माझे पाय घोट्यापर्यंत भिजले. आणि घोंगडी कोरडी. नुसती कोरडी नाही, हात ठेवला तर ऊन लागली! एवढ्या गारठ्यात ही ऊब कुठली? देवानंच वर हात ठेवला असणार, दुसरं कोण ठेवणार? माझी लबाडी त्यानं ओळखली होती. मी तिथंच ओल्या गवतात बसून रडले. मावशी आली, तिनं मला पोटाशी धरलं आणि माझ्याहून जास्त रडली.

मी नकार कळवला. पुढच्या रविवारी तो चर्चच्या दारात भेटला. आमच्या रीतीप्रमाणं "सलाम," म्हणाला. मीही "सलाम," म्हटलं. त्या दिवशी त्याचं आमेन आलंच नाही. उन्हाळ्याच्या आत तो नगरला परत गेला.

माझे दिवस काही वाईट गेले नाहीत. शाळा होती, पोरी होत्या, मावशी होती. कुणी विचारलंच, "बाई, लग्नाचं राहून गेलं का?" तर मी ठसक्यात सांगायची, "राहून नाही, देवानं सांगून." तुम्हांला सांगितलंय का हो कुणाला त्यानं? पण कधीकधी फळ्यावर लिहितालिहिता तळहाताला ती ऊब लागायची. हात झटकला तरी जायची नाही. मला तिची भीती वाटे, आणि ही भीती मी कुणाला सांगितली नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी मावशीला भ्रम झाला. ती मलाही ओळखेना. एका सकाळी धुराच्या वासानं मला जाग आली. बघते तर मावशी चुलीपुढं उकिडवी बसलेली, दोन्ही हातांनी तीच घोंगडी जाळाजवळ धरून.

"अगं मावशे, पेटेल ना ती!"

"हळू बोल. भिजलीया. लवकर वाळंना."

"पण वाळवतेस कशाला?"

"पोरगी उठंल आता. वली दिसली तर जाईल की गं ती. मग मी कुणाजवळ ऱ्हाऊ?"

तिला ढकलून ती घोंगडी चुलीत कोंबावी असं वाटलं, खरंच वाटलं. देवाचाही संताप आला. इतकी वर्षं मी त्याचे आभार मानत होते आणि तो ते ऐकून घेत होता. पण घोंगडी तिला पेलवत नव्हती, कड जाळाला लागत होती. मी खाली बसले आणि दुसरं टोक धरलं.

"उठली का गं पोरगी?" तिनं मला विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. "अजून निजलीय. वाळव तू."