लाल ठिपके

द्वारका चौकातल्या त्या पाटेवाल्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. ऐंशी सालच्या सुमारास माझा टेम्पो विंचूरहून कांदा आणायचा आणि दर दोन महिन्यांनी ओझ्याने डावीकडे खाली बसायचा. हा माणूस आधी चाक आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर वितीने मोजायचा. मग जॅक लावून चाकावरचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे सोडवायचा, एकेकावर हातोडी मारून कान द्यायचा आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, "हा गेला. वाजत नाय." मला तर सगळे सारखेच वाजल्यासारखे वाटायचे. नक्की हा माझा चांगला पाटा ठेवून घेतो आणि कुणाचा तरी जुना घालतो!

एकदा मी घरीच प्रत्येक पाट्याच्या कडेला लाल रंगाचा बारीक ठिपका देऊन गाडी नेली. त्याने एक पाटा बदलला, गाडी सरळ उभी केली आणि काढलेला पाटा माझ्या हातात दिला. त्याला आरपार चीर होती.

"घरी न्या, शेठ. नीट बघा."

मी त्याच्यासमोरच वाकून गाडीखाली पाहिलं. माझे बाकीचे ठिपके जागच्या जागी होते. नव्या पाट्यावरही तसाच एक लाल ठिपका होता, अजून ओला. तो मी दिलेला नव्हता.