बोरीच्या बसला नेणारी अक्का

अक्का आम्हाला मेंढरांसारखी हाकारायची. जीभ टाळूला लावून "ट्र्र्र हाव" असा काहीतरी आवाज काढायची आणि बोरीच्या बसस्टँडवर पांगलेल्या आम्ही सगळ्या पोरी तिच्याभोवती गोळा व्हायचो. लोक फिदीफिदी हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी चिडून म्हटलं, "आमी काय मेंढरं हाव का?" ती शांतपणे म्हणाली, "मेंढरं बरी गं. हाक मारली की मान वर करून बघत्यात तरी. तुमी नुसत्या जिमिनीकडं बघता."

अक्का धनगराची पोर, दहावीत होती. आम्ही पाचवी-सहावीतल्या. गावात शाळा चौथीपर्यंतच, पुढे बोरीला एसटीनं जायचं. बसमध्ये टवाळ पोरं असायची आणि कुणी एका पोरीची छेड काढली की गावातल्या सगळ्याच पोरींची शाळा बंद, असा आमच्याकडचा न्याय! चूक कोणाची, शिक्षा कोणाला! म्हणून आमच्या आयांनी ठरवून टाकलं होतं, अक्का सोबत असेल तरच पोर घराबाहेर पडेल.

तिची एक रीत होती. सगळ्यात भित्री पोर सगळ्यांच्या पुढे. "लंगडं कोकरू म्होरं ठिवावं. मागं राहिलं तर कुनाला पत्ता लागत न्हाई," असं ती म्हणायची. भित्री म्हणजे मी. बसमध्ये आधी मी चढायचं, जागा मीच मागायची. एक दिवस एक दांडगा पोरगा समोरच्या सीटवर पाय पसरून बसला होता. अक्का मागून म्हणाली, "मंगे, बोल." मी पुटपुटले, "दादा, पाय काढा." त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. "आनखी एकदा." मग मी डोळे मिटून अशी काही ओरडले की ड्रायव्हरनं ब्रेक मारला! पाय खाली आले. अक्का हसली नाही की शाबास म्हणाली नाही. माझ्या शेजारी बसली आणि तिनं इतिहासाचं पुस्तक उघडलं.

पण हीच अक्का घरी बापापुढे उभी राहिली की तिच्या तोंडातून ब्र निघत नसे. दिवाळी झाली की तिच्या घरचे मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे निघायचे. तिकडचे लोक खतासाठी शेतात मेंढरं बसवतात. त्या वर्षी तिची वहिनी बाळंतीण होती, म्हणून तळावर भाकरी थापायला अक्कानं यायचं, असं बापानं ठरवलं. म्हणजे दहावी गेलीच. हे सांगायला ती आमच्या घरी आली, तेव्हा आई चुलीपुढून म्हणाली, "मग आमची मंगल बी बसंल घरी. दुसरं काय करावं?"

निघायच्या दिवशी आम्ही सगळ्या पोरी आणि माझी आई तिला निरोप द्यायला गेलो. तिचा बाप घोड्यावर ओझं बांधत होता. अक्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं एकदा मागं वळून आमच्याकडे पाहिलं.

"आबा, म्या येत न्हाई. ह्या पोरी माझ्या जिवावर शाळंत जायल्यात."

"लोकाच्या पोरी वळायच्या आन् घरच्या मेंढरांनी काय पाप केलं?"

"मेंढरांना तुमी हाव. ह्यांना कोन हाय?"

आता कानाखाली बसणार, असंच वाटलं. म्हातारा कितीतरी वेळ दोरीच्या गाठीशी झटत राहिला. मग माझ्या आईकडे वळून म्हणाला, "परीक्षा होईस्तोर पोर तुमच्यात ठिवतो, वहिनी. नीट बघा."

परीक्षेपर्यंत ती आमच्याकडे राहिली. रस्त्यानं कुणाचा कळप गेला की घास तसाच हातात धरून बसायची. आईची आठवण यायची, दुसरं काय. ती पास झाली. पुढे शिकून मोठी साहेब झाली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. तळावर माणूस कमी होतं, ती गेली, आणि पुढे पालमकडे तिचं लग्न झालं. याचा मला आजही राग येतो.

मी शिकले. अक्का गेली तरी आयांनी आम्हाला थांबवलं नाही, बसमध्ये सगळ्यांच्या पुढे मीच चढत राहिले. परभणीत मुलींच्या शाळेत शिकवते. गेल्या जूनमध्ये अक्का लेकीला आमच्या शाळेच्या वसतिगृहात ठेवायला आली. मी सगळ्या बाईंना अभिमानानं सांगत सुटले, "हिच्यामुळं मी शिकले!" तर ही माझ्यावरच डाफरली.

"उगं कायबी सांगू नको. नववी झाली तवाच शाळा सोडायला निघाल्ते मी. मास्तरनं उठवलं की लटलट कापायचे. तुमच्या आयांनी तुमाला माझ्या हाती दिलं, म्हनून रोज जावं लागलं. भ्या वाटलं की मागं बघायची, तर तुमी सगळ्या माझ्याच तोंडाकडं बघत उभ्या. मंग भ्यावं कसं, सांग?"

संध्याकाळी मी आणि तिची लेक तिला बसस्टँडवर सोडायला गेलो. तिनं लेकीचा हात माझ्या हातात दिला, तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला आणि पालमची बस लागली तशी एकटीच चढली. बस दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघी तिकडंच बघत उभ्या होतो. पोर रडली नाही. मीच रडले.