दामूअण्णांच्या वहीतला शेवटचा रकाना

दामूअण्णा गेल्याचा निरोप मला निपाणीच्या बसच्या कंडक्टरनं दिला. खडेबाजारातल्या छापखान्यात मी प्रुफं तपासत बसलो होतो. तो दारातूनच म्हणाला, "तुमचं कोगनोळीचं अण्णा काल गेलं," आणि गाडीची वेळ झाली म्हणून लगेच निघून गेला. त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्यावर चार ओळी लिहायला मला एवढा वेळ कधी लागत नसे. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. विडी कामगारांची, सीमेच्या सभांची. त्यांवरच मी वाचायला शिकलो. दोन ओळींत माणूस पेटला पाहिजे, हे मला फार लवकर कळलं. बाकीचं दामूअण्णांनी शिकवलं... आणि ते शिकताना जे झालं, ते सांगितल्याशिवाय त्यांच्याविषयी लिहिता येणार नाही.

दामूअण्णा लष्करात जखमी उचलण्याच्या तुकडीत होते. निवृत्त झाल्यावर ते आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात जखमा धुवून पट्ट्या बांधणारे ड्रेसर म्हणून लागले. हमरस्ता जवळ, तंबाखूचे ट्रक रात्रंदिवस, आणि दवाखान्याची एकुलती जीप बहुतेक वेळा बंद. अपघात झाला की माणसं धावत, जखमीला हातापायांना धरून मिळेल त्या ट्रकमध्ये टाकत, जखमेत तंबाखूची पूड दाबत आणि सगळ्यात आधी तोंडात पाणी ओतत. तहानेला माणूस जाऊ नये, ही त्यामागची माया. अण्णा हे सगळं एका लांब वहीत लिहीत. किती वेळ पडून होता, कुणी कसा उचलला, वाटेत काय केलं, पुढं काय झालं. शेवटचा रकाना 'का' असा होता आणि त्यात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर असे, 'ठाऊक न्हाय'. रविवारी ते बसनं मोठ्या दवाखान्यात जाऊन आपण पाठवलेला माणूस जगला का, ते वॉर्डात विचारून येत. लांबच्या ड्रायव्हरच्या घरी कार्ड टाकत. वाचलेल्यांचीही नोंद तितक्याच नेटानं. मी एकदा हसलो, म्हटलं, वाचलेत त्यांचं कशाला लिहिता? "पाणी पिऊन बी जगला आसंल कोण, तर त्ये बी लिवाय पायजे," ते म्हणाले. "न्हायतर वही माझ्याच बाजूनं बोलंल, रं."

कित्येक वर्षांच्या नोंदींतून त्यांना दोन-तीन गोष्टी दिसू लागल्या होत्या. बेशुद्ध माणसाला पाणी पाजलं की ते छातीत जातं आणि तो गुदमरतो. त्याला कुशीवर वळवून फळीवरून आणलं तर पोचण्याची आशा जास्त. रक्ताच्या जागी पूड नको, स्वच्छ फडकं दाबून धरावं. नवे डॉक्टर म्हणाले की पुस्तकातही असंच आहे, पण इथल्या लोकांना पुस्तकापेक्षा ही वही पटेल. मग अण्णा माझ्याकडं आले. पत्रक काढायचं होतं.

मी वही वाचली आणि पेटलो. ज्या माणसाच्या बापाला गावात वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यावं लागलं, तोच आता गावाला सांगतोय की पाणी देऊ नका! मला वाटलं, हाच मथळा. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. "त्ये माझ्या बापाचं दुख हाय. ह्या वहीत न्हाय त्ये." मथळा मी सोडला, मजकूर मात्र सोडला नाही. त्यांनी लिहून दिलं होतं, 'बेशुद्ध असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. शुद्धीवर असून हगवण-उलटीनं सुकला असेल त्याला मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्यावं.' हे वाक्य पत्रकात रांगतं, असं मला वाटलं. मी छापलं, 'वाटेत पाणी पाजणं म्हणजे जीव घेणं!' अण्णांना छापून झाल्यावर दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, बेशुद्ध हा शब्द कुठं गेला म्हणून विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्या पत्रकात घेऊ. तोवर गठ्ठे गेले होते.

त्या उन्हाळ्यात हगवणीची साथ आली. नदीकाठच्या एका वस्तीवरून एक तरुण सून बैलगाडीतून दवाखान्यात निघाली होती. शुद्धीवर होती, वाटभर पाणी मागत होती. सासूनं कळशी सोबत घेतली होती आणि दिलं नाही, कारण देवळासमोर कुणीतरी पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. गाडी पोचली तेव्हा उशीर झाला होता. मी धावत गेलो तेव्हा अण्णा वही लिहीत होते. 'वाटेत काय केलं' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'पाणी दिलं न्हाय. पत्रक वाचून.' ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. पुढचे दोन महिने ते सायकलवरून वस्ती-वस्तीवर फिरले, पत्रकं परत मागत, ते लांब, रांगणारं वाक्य तोंडानं सांगत. मीही मागं बसत असे. लोक टोमणा मारायचे, "काल पाणी देऊ नका, आज द्या... आण्णा, उद्याच्याला काय?" अण्णा सायकल लावून पुन्हा पहिल्यापासून सांगत. दमलेल्या माणसाला इतका धीर कुठून येतो, मला अजून कळलेलं नाही.

अण्णा गेल्यावर कोगनोळीला गेलो तेव्हा शेवंताआक्कांनी, त्यांच्या पत्नीनं, वही माझ्यापुढं ठेवली. अण्णा दारातच बेशुद्ध होऊन कोसळले होते. शेजाऱ्यांनी त्यांना कुशीवर वळवलं, दार काढून त्यावर झोपवलं, कुणी गर्दी केली नाही, कुणी तोंडाला तांब्या लावला नाही. सगळं त्यांनी शिकवलं तसंच. तरी ते दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. आक्का म्हणाल्या, "मी तांब्या घिऊन उभी हुतो रं. समद्यांनी अडीवलं. शेवटचं पाणी न्हाय मिळालं त्येंला... दिलं आसतं तर काय झालं आसतं?"

माझ्याकडं उत्तरं होती. दोन ओळींत बसणारी, धीर देणारी, कुणालाही पटतील अशी. मी ती आयुष्यभर लिहीत आलोय. वहीच्या शेवटच्या पानावर जागा होती. आक्का सांगत गेल्या आणि मी एकेक रकाना भरला. दार. कुशीवर. पाणी दिलं न्हाय. वाटेत गेले. शेवटच्या रकान्यापाशी थांबलो. आक्का माझ्या हाताकडं बघत होत्या. मी लिहिलं, 'ठाऊक न्हाय', आणि त्यांना ते वाचून दाखवलं. त्या उठल्या, तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं ठेवला.