चौदा कोटी ग्रेनची गोळी

व्हर्लिन हॉगस्टाड आमच्या गावातल्या शाळेची बस चालवायचा आणि हरणासाठी नेमकी कोणत्या कॅलिबरची, म्हणजे किती जाडीची, गोळी घ्यावी, याचा एकोणीस वर्षं विचार करत होता. इकडे उत्तर विस्कॉन्सिनात रायफलने हरीण मारायला नोव्हेंबरातले नऊच दिवस मिळतात. ऑक्टोबर लागला की हा माझ्या बंदुकीच्या दुकानात काउंटरला टेकून उभा.

"२४३ कॅलिबर हलकं पडतं. २७० ला वेग आहे, पण जवळून मारलं तर मांसाचा चेंदा. ३०८ घेतली, तर गोळी वजनाला दीडशे ग्रेनची की एकशे ऐंशीची?"

"हरीण काही वजनकाटा घेऊन येत नाही, व्हर्लिन."

"तुला विकायचंय, म्हणून तू असं बोलतोस."

मचाणावर बसला की समोर हरीण यायचं. हे जरा थोराड दिसतंय, गोळी कठीण टोकाची हवी होती, असा विचार करेपर्यंत शेपटी वर करून ते पसार. त्याची बायको आर्डिस दरवर्षी वडिलांच्या जुन्या रायफलने एक हरीण पाडायची. कॅलिबर तिला ठाऊक नव्हतं. "पिवळ्या डब्यातल्या दे," एवढंच म्हणायची.

त्या वर्षी हंगामाच्या चार दिवस आधी मुलांना सोडून रिकामी बस परत नेताना, ओढ्याच्या वळणावर एक नर बसपुढे झेपावला आणि जागीच कोसळला. शेरीफच्या माणसाने मांस घरी न्यायचा परवाना लिहून दिला आणि गंभीरपणे विचारलं, "कॅलिबर काय लिहू?"

गावभर हसू झालं. व्हर्लिन मात्र दुसऱ्या दिवशी कागद घेऊन दुकानात आला.

"बस वीस हजार पौंडांची. पौंडाला सात हजार ग्रेन. म्हणजे चौदा कोटी ग्रेन. वेग ताशी वीस मैल. आणि एका फऱ्यापलीकडे मांस कुठे खराब नाही. मी उगाच वेगाच्या मागे लागलो होतो. तुझ्याकडचं सगळ्यात जड आणि सगळ्यात सावकाश काय आहे ते काढ."

मी कोपऱ्यातली जुनाट ४५-७० रायफल काढली. बोटाएवढी जाड गोळी. त्याने ती एकही प्रश्न न विचारता घेतली. मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

शनिवारी, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, दुपारी तो आला, नारिंगी जाकिटावर रक्त. मादी पडली होती, एकाच गोळीत. एकोणीस वर्षांतली पहिली.

"कशी चालली गोळी?" मी विचारलं. "आरपार गेली का?"

"बघितलं नाही."

"बघितलं नाहीस?"

"बर्फ पडत होतं. तिच्या डोळ्यांवर साचत होतं. ते पुसत बसलो."

मी कॉफी ओतून दिली. त्याने कप दोन्ही हातांत नुसता धरून ठेवला, आणि कॉफी तशीच निवून गेली.