सभेने काढायला लावलेलं वाक्य

आमच्या गावात पाहुणे येतात ते बंधारे बघायला. फोटो काढतात, हुरडा खातात, आमच्याकडे असं का होत नाही म्हणून हळहळतात आणि दिवस मावळायच्या आत नगरला परततात. ही इंग्लंडची बाई मात्र मुक्कामालाच आली. तीही माझ्या घरी, कारण मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

ती लेखिका. वडील कोळशाच्या खाणीत होते, संपात त्यांची नोकरी गेली. ही स्वतःच्याच सरकारविरुद्ध लिहिते, आंदोलनात तुरुंगात जाऊन आली. हे सगळं तिनेच सांगितलेलं. खरं-खोटं बघायला कोण जातंय? बंधाऱ्यांकडे तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ग्रामसभेत बायकांमध्ये, पार मागे बसायची आणि माणसांची तोंडं बघत राहायची.

"हिला आपलं एवढं काय पडलंय?" नवरा रोज विचारायचा. "गावाचं नाव घालवंल, आन् लोकं बोट तुज्याकडं दाखवत्याल."

मला तीच धास्ती होती. ती आंघोळीला गेली की मी तिच्या पिशवीभोवती उगाच घुटमळायचे. उघडायचा धीर काही झाला नाही.

जायच्या आधी तिने नवंच काढलं. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना छापण्याआधी वाचून दाखवायचं, हा म्हणे तिचा नेम. ग्रामसभा भरली. ती वाचत होती, मी शेजारी उभी राहून मराठीत सांगत होते. पाणी, चारा, दूध, सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक वाक्य आलं: इथे बायका आधी नवऱ्याकडे बघतात आणि मग हात वर करतात.

मी ते सांगितलं तशी सभा तापली. "ह्येच लिवायला आल्ती व्हय?" एक म्हातारबाबा म्हणाले. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझा संशय खरा ठरला होता.

हे वाक्य काढणार का, असं सरपंचांनी माझ्याकरवी तिला विचारलं. सभा म्हणेल तसं, ती म्हणाली.

"मग काढायचं म्हनत्यात त्यांनी हात वर करा."

पुरुषांचे हात झटकन वर गेले. मागच्या बायका जरा थांबल्या, मग त्यांचेही गेले. पुढच्या रांगेत नवऱ्याचा हात वर आहे ना, ते मी बघितलं आणि माझाही वर केला.

बाई माझ्याकडेच बघत होती. तिने पेन काढलं आणि ते वाक्य खोडलं. माझा हात अजून वरच होता.